‘आता वय झालं’ म्हणण्याआधी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

चाळिशी-पन्नाशीतल्या आईबाबांच्या प्रश्नांत एकच वाक्य सारखं भेटतं: ‘वय झालं, थकायला होणारच.’ पंचेचाळीस हे थकायचं वय नव्हे. थकवा आला तर त्याचं कारण शोधायचं असतं.

येऊरचा चढ चढताना छातीत जड होतं, थांबलं की बरं वाटतं. ॲसिडिटी असावी. लेकासोबत ट्रेकला जायचंय, गोळी सुचवा. (वय 47, वर्तकनगर)

हा प्रश्न आधी घेतला, कारण तो थांबू शकत नाही. श्रमाने येणारं आणि थांबल्यावर जाणारं जडपण हृदयाचंच आहे असं आम्ही धरून चालतो. गोळी नको, ट्रेक नको. आज-उद्यात हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. झोपवून काढलेला ईसीजी नॉर्मल आला तरी तेवढ्यावर समाधान मानू नका. बसल्या जागी जड वाटलं, घाम फुटला, तर 108 ला फोन करा. स्वतः गाडी काढू नका.

रोज दहा हजार पावलं झालीच पाहिजेत का? (वय 41, कोपरी)

नाही. तो आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्रातून आला. आठवड्याला 150 मिनिटं भरभर चाला आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम करा.

कळवा स्टेशनचा जिना चढताना धाप लागते. संध्याकाळी मुलीचा अभ्यास घेताना डोळे मिटतात. पाळी अलीकडे जास्त जाते, पण या वयात तसं होतंच म्हणतात. रोज बीट आणि खजूर खाते. आणखी काय खाऊ? (वय 43, कळवा)

ताई, आधी खाण्याचं सोडा, तपासणीचं बोलू. तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागणं, मोठ्या गाठी पडणं, सात दिवसांपुढे जाणं, त्या दिवसांत ऑफिसला मुद्दाम गडद कपडे घालणं, यातलं काहीही ‘होतंच’ म्हणून सोडून देण्यासारखं नाही. ओपीडीत मी खालची पापणी ओढून बघते. आतून लालसर दिसायला हवी, ती पांढुरकी असते. तरी समोरची बाई म्हणते, ‘मुलाची दहावी होऊ दे, मग बघते.’ दहावीनंतर बारावी येते, आणि दरम्यान रक्त जातच राहतं.

बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवतं, ही निव्वळ ऐकीव गोष्ट. 100 ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमही नसतं. तुमची रोजची गरज 29 मिलिग्रॅमची आहे. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-12 आणि साखर तपासा. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर ॲनिमिया. ते 12 च्या वर असूनही फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, रिकामा असू शकतो आणि तेवढ्यानेही माणूस गळून जातं. लोहाची गोळी डॉक्टरांनी दिली तर चहाबरोबर किंवा कॅल्शियमबरोबर घेऊ नका. शौचाला काळं होतं म्हणून घाबरू नका. बरं वाटलं की महिन्याभरात बंदही करू नका, साठा भरायला काही महिने लागतात.

पण नुसती गोळी म्हणजे अर्धंच काम. रक्त का जातंय हे स्त्रीरोगतज्ज्ञच सांगतील. फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली साधी गाठ असेल, हार्मोन्सचा गोंधळ असेल, क्वचित गर्भाशयाच्या अस्तराचा आजारही असतो. सोनोग्राफी लांबवू नका. आणि पाळी कायमची बंद होऊन वर्ष उलटल्यावर एक डाग जरी दिसला, तरी लगेच दाखवायचं.

ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनसाठी तयारी करतोय. जिममधले ट्रेनर प्रोटीन पावडर आणि ‘टेस्टो बूस्टर’ घ्या म्हणतात. (वय 45, घोडबंदर रोड)

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन वाढवतो म्हणून विकला जाणारा बूस्टर अजिबात नको. डब्यात नेमकं काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. शिवाय विकणाराच सल्लागार असेल तर तो सल्ला कसला? डाळ, उसळ, दही, अंडी, मासे पोटभर खाणाऱ्या बहुतेकांना पावडरची गरज पडत नाही. मूत्रपिंडाचा त्रास, बीपी किंवा मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडूच नका. पळण्याआधी बीपी, साखर आणि लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे) तपासून घ्या.

हे फार घोरतात आणि दिवसा लोकलमध्ये उभ्याउभ्या पेंगतात. (वय 44, कोलशेत)

घोरता घोरता श्वास अडतो का, ते एक रात्र बघा. अडत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे किंवा छातीच्या डॉक्टरांकडे न्या आणि स्लीप स्टडी (झोपेतल्या श्वासाची तपासणी) करायची का ते विचारा. तोवर त्यांना गाडी चालवू देऊ नका.