प्रश्न तुमचे: हलणारी खुर्ची

प्रश्न : रेसिंग गेमसोबत हलणारी खुर्ची घरी बनवायची आहे. गाडीच्या वायपरच्या दोन मोटारी हाताशी आहेत. कमी खर्चात सुरुवात कुठून करावी?

उत्तर : मोटारी तूर्त राहू द्या. आधी टेबलावर मावेल एवढं मॉडेल करा. 15 सेमी चौरस प्लायवूड, मधोमध खालून बॉल जॉइंट (सगळीकडे झुकू देणारा सांधा), मागच्या दोन कोपऱ्यांना दांड्यांनी जोडलेले दोन एमजी996आर सर्व्हो (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणाऱ्या छोट्या मोटारी) आणि त्यांना चालवायला एक आर्डुइनो युनो (छोटा कंट्रोलर बोर्ड). दोन्ही दांड्या एकदम वर गेल्या की फळी पुढे झुकते, एक वर एक खाली गेली की बाजूला कलते. गेममधल्या गाडीच्या हालचालीची माहिती सिमटूल्स किंवा फ्लायपीटी मूव्हर या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमधून घ्या. सर्व्होला 1500 मायक्रोसेकंदांचा मध्य सिग्नल देऊन मगच आर्म (दांडी जोडायचा छोटा हात) बसवा.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे सर्व्होची वीज आर्डुइनोच्या 5 व्होल्ट पिनवरून घेणं. जोर आला की व्होल्टेज पडतं आणि बोर्ड रीसेट होतो. 6 व्होल्ट, 5 अँपिअरचा वेगळा सप्लाय लावा, फक्त ग्राउंड एकत्र जोडा.

फळी पुढे 10 अंश झुकली की गुरुत्वाकर्षणाचा साधारण 0.17 हिस्सा ब्रेक दाबल्यासारखा जाणवतो. त्यामुळे ती फार झुकवायची गरज नसते. मात्र झुकाव हळू हवा, झटक्यात दिला तर ब्रेकऐवजी नुसतं कलंडल्यासारखं वाटतं.

(नुसता इंजिनाचा थरार पुरेसा असेल, तर खुर्चीखाली बेस शेकर (खोल आवाजावर थरथरणारं यंत्र) आणि छोटा अँप्लिफायर लावा. तेवढ्यावर समाधान झालं तर बाकीचा खटाटोप वाचला.)

प्रश्न : वायपर मोटार लावली, पण चालू करताच खुर्ची एका टोकाला जाऊन आदळते.

उत्तर : फीडबॅक, म्हणजे मोटार किती फिरली हे बोर्डाला कळवणारा सिग्नल, उलटा आहे. शाफ्टवरच्या 10 किलोओहम लिनिअर पोटेन्शिओमीटरच्या (फिरण्याचा कोन मोजणाऱ्या नॉबच्या) दोन टोकांच्या तारा किंवा मोटारीच्या दोन तारा, यांतली एकच जोडी अदलाबदल करा. दोन्ही बदलल्यात तर पुन्हा तेच.

आर्डुइनोत एसएमसी3 (अशा मोटारी चालवणारा प्रोग्रॅम) असेल तर त्याच्या पी, आय, डी या तीन सेटिंगांपैकी आय आणि डी शून्यावर ठेवून पी वाढवत न्या. मोटार थरथरू लागली की थोडं मागे या, मग किंचित डी द्या.

अनेक वायपर मोटारींत निगेटिव्ह थेट बॉडीला जोडलेलं असतं. एच-ब्रिजवर (मोटारीची दिशा उलटवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटवर) दिशा उलटली की तोच पॉझिटिव्ह होतो आणि लोखंडी सांगाड्यातून शॉर्ट होऊन हा ड्रायव्हर जळतो. मल्टिमीटरने तपासा. जोड सापडला तर तो तोडा, नाहीतर मोटार प्लास्टिकच्या वॉशर-बुशांवर बसवा.

पहिली चाचणी रिकाम्या खुर्चीवर घ्या. आपत्कालीन बटण मोटारीच्या 12 व्होल्ट लाइनवर हवं, यूएसबीवर नव्हे.