वस्तीतली गरिबी आणि कर्ज: सुरुवात कुठून करावी?

वस्तीतली बरीच घरं कर्जात आहेत, सुरुवात कुठून करू, असं विचारलंय. आधी प्रत्येक घराचं देणं कागदावर मांडा: कोणाचं, किती, व्याज काय. महिना ५ टक्के किरकोळ वाटतं, पण चक्रवाढीनं वर्षाला जवळपास ८० टक्के पडतं. असं महाग कर्ज आधी फेडायचं. मग बचत गट किंवा पतसंस्था. जर्मनीत रायफायझेन नावाच्या एका महापौरांनी १८६४ साली गावकऱ्यांची पतसंस्था काढली, ती सावकाराला पर्याय म्हणूनच. सभासदच एकमेकांची हमी घेत. मात्र जिथे कमाईच पुरत नाही, तिथे स्वस्त कर्जही देऊ नका. काम आणि हक्काची सरकारी मदत मिळवून द्या. आणि हो, कोणाचं देणं चारचौघांत काढू नका. लाजेपोटी माणसं पुढच्या बैठकीला फिरकतच नाहीत.