डब्ल्यूची सगळी गावे 'व'ची नाहीत

प्रश्न : ब्रिटनमधली डब्ल्यूने सुरू होणारी स्थळनामे मराठीत 'व'ने लिहावीत की 'व्ह'ने? वॉर्सेस्टर, वारविक, व्रेक्सहॅम ही रूपे बरोबर आहेत का?

तिन्ही रूपे स्पेलिंग वाचून केलेली आहेत. तिथले लोक वुस्टर, वॉरिक आणि रेक्सम म्हणतात. मराठीतही तसेच लिहावे.

आधी व-व्ह. मराठीत डब्ल्यूला 'व' आणि व्हीला 'व्ह' अशी छान वाटणी रूढ आहे : वेल्स, पण व्हिक्टोरिया. हिंदीत दोन्हीकडे 'व'च येतो. ही वाटणी आपण जपायला हवी, त्यामुळे 'व्हेल्स', 'व्हिंचेस्टर' नको. डब्ल्यूनंतर एच असेल तर मात्र व्हाइटहॉल, व्हिटबी हे लेखन रुळलेले आहे. इंग्लंडमध्ये बहुतेकांच्या तोंडी तो हकार उरलेला नाही, स्कॉटलंडमध्ये अनेकांच्या तोंडी आहे. म्हणून ते चालू द्यावे. आइल ऑफ वाइट या बेटाच्या नावात डब्ल्यूनंतर एच नाही, तेव्हा तिथे साधा 'व'. त्यातला 'इ' ऱ्हस्वच ठेवा. दीर्घ केला की मराठी वाचक 'वाईट' वाचतो.

खरी गफलत शब्दाच्या पोटात होते. वुस्टरमधला शेवटचा भाग लॅटिन 'कास्त्रा', म्हणजे लष्करी तळ, यातून आला. विंचेस्टरमध्ये तो 'चेस्टर' असा शाबूत राहिला. वुस्टर, ग्लॉस्टर, लेस्टर यांत झिजून नुसता 'स्टर' उरला. नियम म्हणून हे पाठ करू नका, कारण सायरनसेस्टर पूर्ण उच्चारले जाते. वॉरिकमधला दुसरा डब्ल्यू मुका आहे, बेरिक-अपॉन-ट्वीडमध्येही तसाच. पण गॅटविक विमानतळाच्या नावात तो स्पष्ट ऐकू येतो. प्रत्येक नाव तपासावेच लागते. नॉरफकमधले विंडम स्पेलिंगवरून 'वायमंडहॅम' वाटते, आणि डेव्हनमधल्या वुल्झरीचे जुने स्पेलिंग तर 'वुल्फार्डिसवर्दी' वाचावे असे आहे.

विंडसर मराठीत इतके रुळले आहे की ते बदलायचा आग्रह मी धरणार नाही. उच्चार मात्र 'विन्झर', 'झरा'मधल्या 'झ'सारखा. वेस्टमिन्स्टरचे 'वेस्टमिनिस्टर' करू नये. मंत्र्याशी त्याचा संबंध नाही, 'मिन्स्टर' म्हणजे मठाचे चर्च. विंडरमिअरमध्ये 'मिअर' म्हणजेच तळे, त्यामुळे पुढे 'सरोवर' जोडले नाही तरी चालते. नकाशात मात्र जोडावे, कारण त्याच नावाचे गावही काठाजवळ आहे.

डब्ल्यूनंतर लगेच आर आला की डब्ल्यू मुका. वेल्समधले रेक्सम, श्रॉपशरमधली 407 मीटर उंचीची रीकिन टेकडी, केंटमधले रूटम. मराठी सूची अकारविल्हे लावताना ही नावे 'र'खाली जातात, 'व'खाली शोधून सापडणार नाहीत.

वेल्श भाषेत तर डब्ल्यू हा बहुधा स्वर असतो, 'उ'सारखा. स्नोडन हे 1,085 मीटरचे वेल्समधले सर्वोच्च शिखर. तिथल्या राष्ट्रीय उद्यान प्राधिकरणाने 2022 मध्ये त्याचे वेल्श नाव वापरायचे ठरवले. ते मराठीत 'अर उइद्व्हा' असे लिहिता येईल. मूळ शब्द 'ग्विद्व्हा', म्हणजे समाधीचा उंचवटा. तो स्त्रीलिंगी असल्याने 'अर' हे उपपद लागताच सुरुवातीचा 'ग' गळतो. त्यामुळे वेल्श शब्दकोशात हा शब्द डब्ल्यूखाली नाही, जीखाली पाहावा लागतो.