मासिमोव यांची शिक्षा कळली, पुरावा कुठे आहे?

मध्य आशियावर लिहायला लागल्यापासून कझाकस्तानचे माजी पंतप्रधान आणि नंतर गुप्तचर यंत्रणा केएनबीचे प्रमुख झालेले करीम मासिमोव या नावाबद्दल तीच ती पत्रं येत राहतात. निम्म्या पत्रांची सुरुवात ‘ग्रुपवर वाचलं की...’ अशी असते. म्हणून या वेळी सगळ्यांना एकदमच उत्तरं देतो.

केएनबी म्हणजे केजीबीच का?

नाही. सोव्हिएत केजीबीच्या कझाक शाखेच्या जागी १९९२ मध्ये आलेली ही कझाकस्तानची राष्ट्रीय सुरक्षा समिती. सीमेवरचा पहाराही तिच्याकडेच असतो.

बँकेतला माणूस गुप्तचर यंत्रणेचा प्रमुख कसा होतो?

राष्ट्राध्यक्षांचा विश्वास असला की होतो. मासिमोव यांचा जन्म १९६५ चा, त्सेलिनोग्रादमधला, म्हणजे आजच्या अस्तानातला. शिक्षण चीनमध्येही झालं, चिनी आणि इंग्रजी उत्तम. हालिक बँकेचे प्रमुख, मग २००० मध्ये वाहतूकमंत्री. जानेवारी २००७ ते सप्टेंबर २०१२ पंतप्रधान, नंतर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष नझरबायेव यांच्या कार्यालयाचे प्रमुख, एप्रिल २०१४ पासून पुन्हा पंतप्रधान. आपले पंतप्रधान जुलै २०१५ मध्ये अस्तानाला गेले आणि भारताला ५,००० टन युरेनियम देण्याचा करार झाला, तेव्हा तिथं पंतप्रधानपदी हेच होते. सप्टेंबर २०१६ मध्ये त्या खुर्चीवरून उठून ते थेट केएनबीच्या खुर्चीवर बसले.

ते मूळचे उयघूर (चीनच्या शिनजियांगमधला मुस्लिम समाज) आहेत, म्हणून त्यांना अडकवलं, हे खरं का?

ही कुजबुज तिथं वर्षानुवर्षं चालू आहे. वंशावरून ना गुन्हा सिद्ध होतो, ना निर्दोषपणा. कृपया हे पुढे पाठवू नका.

जानेवारी २०२२ च्या दंगलीत त्यांनी बंड केलं हे कोर्टात सिद्ध झालंय. मग तुम्ही दर वेळी ‘सरकारच्या म्हणण्यानुसार’ असं का लिहिता?

कारण खटला बंद दाराआड चालला. २४ एप्रिल २०२३ रोजी देशद्रोह, सत्ता बळकावण्याचा प्रयत्न आणि अधिकारांचा गैरवापर यांसाठी मासिमोव यांना १८ वर्षांची शिक्षा झाली. हे मी लिहितोच. पण निकाल कशाच्या आधारावर दिला, ते कागद तुम्ही पाहिलेत का? मीही पाहिलेले नाहीत. तरी रोज कुणीतरी मला ‘आतली गोष्ट’ ठामपणे सांगतं.

जे उघड्यावर घडलं ते तारखेनिशी घ्या. २०२२ च्या १ जानेवारीला गाड्यांत भरायच्या एलपीजीवरची दरमर्यादा उठली आणि लिटरचा साठेक टेंगेचा (तिथलं चलन) भाव १२० च्या घरात गेला. दुसऱ्याच दिवशी झानाओझेनचे लोक रस्त्यावर आले. हे तेलाचं गाव. डिसेंबर २०११ मध्ये याच गावात पोलिसांनी संपकऱ्यांवर गोळ्या झाडल्या होत्या. तेव्हा पंतप्रधान मासिमोवच होते, हे आज फारसं कुणी आठवत नाही. तीन दिवसांत देशातलं सगळ्यात मोठं शहर अल्माटी पेटलं. शहर प्रशासनाची इमारत जळाली, विमानतळ जमावाच्या हातात गेला. ५ जानेवारीला राष्ट्राध्यक्ष तोकायेव यांनी मासिमोव यांना पदावरून काढलं आणि देशाच्या सुरक्षा परिषदेचं अध्यक्षपदही माजी राष्ट्राध्यक्ष नझरबायेव यांच्याकडून स्वतःकडे घेतलं. मासिमोव यांच्या अटकेची बातमी जाहीर झाली ती ८ तारखेला.

त्याआधी ७ तारखेला तोकायेव यांनी इशारा न देता गोळी घालण्याचा हुकूम दिला होता. वीस हजार ‘दहशतवादी’ अल्माटीवर चालून आल्याचं सांगितलं गेलं. हा आकडा पटावा असा पुरावा लोकांपुढे आलेला नाही. मृतांचा अधिकृत आकडा मात्र २३८ आहे. त्यात गाडीत बसलेली चार वर्षांची एक मुलगी आहे, अल्माटीत गोळी लागून गेलेली. विमानतळावरचा पहारा कुणाच्या हुकमाने हलला, शस्त्रं कुठून आली, हे त्या घरांना कळायला हवं होतं. बंद दालनातल्या खटल्यानं ते कळलं नाही. म्हणून मी ‘सरकारच्या म्हणण्यानुसार’ लिहितो आणि पुढेही लिहिणार. कायद्याचा बारकावा हवा असेल तर कझाक फौजदारी कायदा जाणणाऱ्या वकिलाला विचारा, व्हिडिओवाल्याला नको.

मुलीला अल्माटीत एमबीबीएसला पाठवायचं आहे. एजंट म्हणतो, ‘मासिमोव गेला, आता सगळं शांत आहे, आठवडाभरात पैसे भरा.’ काय करू?

आठवडाभरात पैसे भरू नका. घाई हाच त्या धंद्याचा डाव असतो. देश शांत आहे की नाही हे एजंटला नव्हे, अस्तानातल्या भारतीय दूतावासाला विचारा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नियम स्वतः वाचा: अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, शिकवणं इंग्रजीतून, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप. हे विद्यापीठाकडून लेखी घ्या आणि जाणकाराला दाखवा. त्या जानेवारीत अल्माटीत कित्येक दिवस इंटरनेट बंद होतं. एका वडिलांनी मला रात्री दीड वाजता फोन करून एवढंच विचारलं होतं, ‘पोराचा व्हॉट्सअ‍ॅप एकाच टिकवर का अडकलाय?’ म्हणून दूतावासाचा नंबर मुलीच्या वहीत शाईने लिहून द्या. फक्त मोबाइलमध्ये ठेवू नका.

कझाकस्तानात माल पाठवायचा आहे. तिथला मध्यस्थ ‘जुन्या सुरक्षाप्रमुखांच्या माणसांशी ओळख’ सांगतो. विश्वास ठेवावा का?

नाही. देशद्रोहाची शिक्षा झालेल्या माणसाच्या नावाने कामं करून देणारा मध्यस्थ तुम्हालाही चौकशीत ओढेल. आगाऊ रक्कम देण्याआधी तिथल्या वकिलाकडून कंपनीची नोंदणी तपासून घ्या, आणि दूतावासाच्या व्यापार विभागाला एक पत्र टाका.