होमस्टेची वेबसाइट करायची आहे. आधी फिग्मा या डिझाइनच्या ॲपमध्ये डिझाइन करावं की थेट कोडिंगला लागावं?
थेट कोडिंग नकोच, पण फिग्माही लगेच उघडू नका. आधी कागद-पेन्सिल. पाहुणा मोबाइलवर काय शोधतो? भाडं, फोटो, रस्ता, फोन नंबर. एवढं पहिल्या स्क्रीनवर बसवा. ‘आमच्याविषयी’ खाली गेलं तरी कुणाचं काही अडत नाही.

मग फिग्मात ३६० पिक्सेल रुंदीची फ्रेम घेऊन खरा मराठी मजकूर टाका. लोरेम इप्सम या जागा भरायच्या निरर्थक मजकुरात देखणं दिसणारं बटण ‘खोली आरक्षित करा’ लिहिलं की दोन ओळींत मोडतं. ओळींमधलं अंतर कमी असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत घुसतात, ते वेगळंच.

बटण दाबलं की पुढची स्क्रीन उघडेल अशा फिग्मातल्या स्क्रीन जोडून मोबाइल चार-पाच जणांच्या हातात द्या आणि गप्प बसा (हेच जमत नाही!). अशा चाचणीला पाच जण पुरतात, असं वेबसाइट वापरायला सोपी कशी करावी याचा तज्ज्ञ जेकब नील्सन यानेही २००० सालीच लिहिलंय.