मॉडेल निवडण्याआधी डेटाची ठेवण पाहा

प्रश्न : १२ देशांतल्या प्रत्येकी ५०, अशा ६०० कंपन्यांवर साधं रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीवरचा परिणाम मोजायची पद्धत) चालवलं. देशाच्या कायदेव्यवस्थेचा नफ्यावरचा परिणाम चांगलाच सिग्निफिकंट, म्हणजे निव्वळ योगायोग वाटणार नाही असा, आला. गाईड मात्र मल्टिलेव्हल मॉडेलच (कंपनी आणि देश या दोन पातळ्या वेगळ्या धरणारं) हवं म्हणतात. खरंच गरज आहे?

आहे. एका देशातल्या कंपन्या एकाच कायद्याखाली, एकाच चलनात वाढतात, म्हणून त्यांच्यात साम्य असतं. साधं रिग्रेशन त्यांना ६०० स्वतंत्र साक्षीदार समजतं. हिशेबच करा. नफ्यातल्या एकूण व्हेरियन्सपैकी (फरकापैकी) १० टक्के देशादेशांमधला असेल, म्हणजे आयसीसी (एका देशातल्या कंपन्यांमधल्या साम्याचं माप) ०.१० असेल, तर डिझाइन इफेक्ट, म्हणजे या साम्यामुळे नमुना जितक्या पटीने घटतो तो आकडा, १ + (४९ × ०.१०) = ५.९ येतो (४९ म्हणजे ५० उणे १). ६०० भागिले ५.९ केलं की उरतात जेमतेम १०२ स्वतंत्र साक्षीदार! तुमचा सिग्निफिकन्स तिथेच डळमळतो.

त्यात कायदेव्यवस्थेचा आकडा देशातल्या पन्नासही कंपन्यांना एकच. त्यामुळे या प्रश्नापुरते तुमच्या हाती १२ देशच आहेत. मल्टिलेव्हल मॉडेल वापराच, पण देशपातळीवरची व्हेरिएबल्स एक, फार तर दोन ठेवा. डेटा अजून गोळा करता येत असेल, तर जुन्याच देशांत कंपन्या वाढवण्यापेक्षा नवे देश घ्या. हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला कळकळीने सांगते.

प्रश्न : देशजोड्यांच्या व्यापारावर ग्रॅव्हिटी मॉडेल (अर्थव्यवस्थांचा आकार आणि अंतर यांवरून व्यापार सांगणारं) बसवतोय. बऱ्याच जोड्यांत निर्यात शून्य आहे. शून्याचा लॉग निघत नाही, म्हणून लॉग घेण्यासाठी सगळीकडे १ मिळवला तर चालेल?

नाही. एकदा निर्यात डॉलरमध्ये आणि एकदा दशलक्ष डॉलरमध्ये मांडून, दोन्ही वेळा १ मिळवून पाहा. कोएफिशियंट (परिणामाचे आकडे) बदलतील. एककावर हलणाऱ्या उत्तरावर भिस्त कशी ठेवायची? सांतोस सिल्वा आणि तेनरेरो यांनी २००६ मध्ये सुचवलेली पॉयसन पद्धत, पीपीएमएल, घ्या. तिच्यात शून्यं जशीच्या तशी राहतात. पॉयसन मूळची मोजणीच्या आकड्यांसाठी आणि निर्यात मोजणीचा आकडा नाही म्हणून बिचकू नका, रोबस्ट स्टँडर्ड एरर (डेटा पॉयसनच्या साच्यात बसला नाही तरी चालणारं अनिश्चिततेचं माप) तेवढे लावा.

प्रश्न : पॅनेल डेटावर (त्याच कंपन्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवर) फिक्स्ड इफेक्ट्स (प्रत्येकाचं न बदलणारं वेगळेपण बाजूला काढणारी पद्धत) लावले, तर सांस्कृतिक अंतराचं (मायदेश आणि यजमान देश यांच्या संस्कृतींतल्या फरकाचं) व्हेरिएबलच गळून पडलं. सॉफ्टवेअरची चूक?

सॉफ्टवेअर बरोबर आहे. कंपनी आणि यजमान देश तेच, तर ते अंतर वर्षागणिक बदलत नाही आणि फिक्स्ड इफेक्ट त्याला गिळतो. तुमचा प्रश्नच त्या अंतराबद्दल असेल, तर रँडम इफेक्ट्स मॉडेलमध्ये (ते वेगळेपण काढून न टाकता योगायोगाचं धरणाऱ्या) बदलत्या व्हेरिएबल्सच्या सरासऱ्या घाला. ही मुंडलाक यांची १९७८ ची वाट. ते अंतर नुसतं कंट्रोल म्हणून (इतर परिणाम नीट मोजता यावेत एवढ्यापुरतं) घेतलं असेल, तर गळू द्या.