वाचकांचे प्रश्न : नेम का सुटतो?

प्रश्न : गेल्या चातुर्मासात ‘रोज एक चांगलं काम’ असा नेम धरला होता, पंधरा दिवसांत सुटला. मध्ये एकदा एम.वाय. या सरकारी रुग्णालयात रुग्णांच्या नातेवाइकांसाठी खिचडी नेली, तर निम्मी उरली आणि आंबली. यंदा आषाढीपासून पुन्हा धरावा म्हणते. कसा निभेल?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : वांगं सोडण्याचा नेम टिकतो, कारण ताटात वांगं आलं की तो आपसूक आठवतो. ‘चांगलं काम’ असं पुढ्यात येत नाही. म्हणून रोज घडणाऱ्या गोष्टीला नेम बांधा. दुपारच्या चहाचं आधण ठेवायच्या आधी शेजारच्या एकट्या काकूंकडे डोकवायचं, एवढंच. दहा मिनिटं पुरतात. पण त्यात आपलं पुराण लावायचं नाही, आणि हेच जड जातं. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन खेपा नकोत. थकबाकी साचली की नेम सुटलाच म्हणून समजा.

आता खिचडी. वीस जणांना सव्वा किलो तांदूळ आणि अर्धा किलो मूगडाळ पोटभर होते. आदल्या दिवशी जाऊन विचारून या : जेवणारे किती, किती वाजता, आणि त्या दिवशी दुसरं कुणी वाटतंय का. सणवारी वाटणारे पुष्कळ, आडवारी कुणी नाही. तुम्ही आडवार धरा. आंबण्याचं कारण झाकलेलं कोमट पातेलं. भातातले काही जंतू शिजवूनही उरतात, पावसाळी उबेत वाढतात, आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून निघायच्या जरा आधी शिजवा, शिजल्यापासून दोन तासांत संपवा, उरलेली घरी आणून वाढू नका. पानांचे द्रोण न्या. ते ओल्या कचऱ्यात जातात. रुग्णाला मात्र सिस्टरला विचारल्याशिवाय घासही देऊ नका, कुणाचं मीठ बंद असतं तर कुणाचं ऑपरेशन असतं. आणि एकादशी आली म्हणून साबुदाण्याचा हट्ट नको, उपास तुमचा आहे.

खरं तर रुग्णाबरोबर लांबून, खरगोन-झाबुआकडून आलेल्या माणसाला जेवणाइतकीच गरज असते ती तासभर सुट्टीची. ‘तुम्ही आंघोळ करून या, मी बसते’ म्हणा. सिस्टरच्या कानावर घालून बसा, आणि सलाईनला हात लावू नका.

प्रश्न : सत्कर्म सांगू नये म्हणतात. मग सोसायटीतल्या बायकांना बरोबर कसं घ्यावं?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : काम सांगा, हिशेब सांगू नका. फोटो तर नकोच. हातात द्रोण असलेला माणूस ‘काढू नका’ म्हणायला कचरतो. ग्रुपवर एवढंच टाका : ‘गुरुवारी साडेअकराला निघतोय, वाढायला दोघी हव्यात.’